खिडकीचा पिक्चर

मंगळवार, २४ मार्च १९९८. वारूळवाडी

चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पोरांच्या वाकड्या रेघा सरळ केल्या, आणि निवृत्तीनंतर वाट्याला काय आलं, तर एक फाटका तंबू. सासऱ्यांचा, म्हणजे कै. सोमाजींचा टूरिंग टॉकीज. मेहुण्याने शहाणपणा करून केबलचा धंदा धरला आणि तंबू तसाच पडवीत टाकून दिला. माझ्या बायकोच्या, ठकूच्या डोक्यात मात्र वारं शिरलं. म्हणाली, "बापाचा तंबू एक हंगाम तरी मी चालवून बघनार." चालवणार ती आणि खांब वाहणार मी.

आज नारायणगावचा पप्पू मांडववाला येऊन कापडाला टेप लावून गेला. त्याला लग्नाच्या मांडवांसाठी सगळं हवं आहे, खांब, दोर, खुंट्यांसकट. मी त्याला अक्षय्यतृतीयेचा वायदा दिला. तोवर गावोगावच्या जत्रांतून तंबू भरला तर ठेवू, नाही तर तो घेऊन जाईल. ठकूने मान्य केलं, पण एक अट घातली. हंगाम संपेपर्यंत इब्राहिमभाईंना काढायचं नाही.

हे इब्राहिमभाई जुन्नरचे. सासऱ्यांच्या काळापासून एकतीस वर्षं मशीनवर आहेत. तंबू गेला तर ते कुठे जाणार, असं ठकू विचारते. मी काय सांगू? मला विचारून का ते ऑपरेटर झाले होते?

शनिवार, २८ मार्च

पिक्चर एकच आहे. भाड्याने नवे आणायची आमची ऐपत नाही. सासऱ्यांनी कधी काळी विकत घेतलेली एक काळी-पांढरी भुताची फिल्म घरात होती, तीच दाखवायची. सुरुवातीचा तुकडा तुटून गेल्यामुळे तिला नावही उरलेलं नाही. सगळे म्हणतात खिडकीचा पिक्चर. एक बाई एका मोठ्या घरात येते, रोज रात्री एका बंद खिडकीमागून दिवा चालत जातो, शेवटी खिडकी उघडते आणि मेलेला जमीनदार दिसतो. एवढीच गोष्ट. मला तर ऐकतानाच जांभई आली.

पोस्टर मीच रंगवतो आहे, म्हणून भाईंना विचारलं, भूत कसं दिसतं? ते म्हणाले, "दिसत न्हाई मास्तर. जानवतं." एकतीस वर्षं दाखवतात आणि सांगता येत नाही! शेवटी मी माझ्या मनाने काढलं. लाल डोळे, चार सुळे, हनुवटीवरून रक्ताचा ओघळ, नखांची छायासुद्धा व्यवस्थित.

ठकूने सुतळीचा गुंडा मागून नेला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "लागतीया."

मंगळवार, ३१ मार्च

काल पहिला खेळ झाला. चार डोकी. त्यातला एक तंबूच्या बाहेर बसायला जागा नव्हती म्हणून आत आलेला.

इब्राहिमभाईंचं काम बघून कीव आली. मशीन तापलं की चित्र फिसकटतं, हे एकतीस वर्षांत कळायला नको? पब्लिक ओरडतं, "फोकस! ओ भाऊ, फोकस!" तेव्हा कुठे हे भिंग फिरवतात. ओरडणं थांबलं की हातही थांबला. पडद्याकडे बघायचे कष्टच नाहीत. फिल्म चढवताना तिला हळूच ओठ लावतात. मी विचारलं, हे काय लाड? म्हणाले, चित्राचा मसाला लावलेली बाजू ओठाला चिकटते, तेवढ्यानं सुलट-उलट समजतं. डोळे कशाला दिले आहेत देवाने?

आणि रिळांच्या डब्यांना सुतळ्या! पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा थेट दहापर्यंत. तोडगे करायचं वय तरी बघावं. सुतळी कुठून आली हे मी ओळखलं. ठकूसुद्धा त्यात सामील.

शेवटी खिडकी उघडली तेव्हा मी बाहेर गाडीपाशी होतो. आत चौघेही गप्प होते. झोपले असावेत.

रविवार, ५ एप्रिल. शिनोली

माणसं वाढली. काल बायकांची बाजू तर भरली. माझं पोस्टर चौकात लावल्याचा हा परिणाम आहे. पोरांनी त्याला मिशा काढल्या, तो भाग वेगळा.

सकाळी नळावर चार बायका ठकूशी बोलत होत्या. साळुबाई म्हणाली, "त्या भुताचं त्वांड अगदी माज्या मेल्या सासूवानी व्हतं बाई. तसंच, नाक वर करून." दुसरी म्हणाली, छे, त्याला तोंडच नव्हतं. तिसरीने त्याच्या हातात कोयता पाहिला. चौथी म्हणाली, "आमी तर खिडकी उघडायच्या आदीच डोळं मिटलं. पन मला दिसलं सगळं."

चार बायका, चार भुतं! शाळेत असतो तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं. एकाच पडद्यावर एकच चित्र, आणि निरीक्षणाची ही तऱ्हा. ठकू नुसती हसली. तिला म्हटलं, तू तरी नीट बघितलंस का? म्हणाली, "मी लहान असल्यापून बगत्ये. आधी लई हसू यायचं त्याचं. आता येत न्हाई."

चहावाल्याची वेगळीच तक्रार. मशीन एकच असल्यामुळे रीळ बदलताना पाच मिनिटं अंधार होतो. तेवढ्यात लोक चहाला बाहेर येतात, असा जगाचा नियम आहे. "कुनी उठतच न्हाई राव," तो म्हणाला, "अंदारात बसत्यात एकमेकाला धरून." मी सांगितलं, तुझा चहाच तसा असेल.

गुरुवार, ९ एप्रिल

काल बकरी ईद. इब्राहिमभाई जुन्नरला घरी गेले. खेळ बंद ठेवू, असं ठकूचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. मंचरच्या टॉकीजवरचा गेणू ऑपरेटर बोलावला. काय माणूस! चित्र पहिल्या क्षणापासून आरशासारखं स्वच्छ. पानाची शीर मोजून घ्यावी. मी पहिल्यांदाच आत बसून सगळा पिक्चर पाहिला आणि खऱ्या ऑपरेटरचं काम कसं असतं ते कळलं.

आणि शिनोलीकरांनी काय केलं? हसले! शेवटी खिडकी उघडली, जमीनदाराने चौकटीवर हात ठेवला. भुवयांना चिकटवलेला कापूस दिसला, ठीक आहे. पण मनगटावर चक्क घड्याळ! नट काढायला विसरला असणार. मागून कोणीतरी ओरडलं, "पावणं, किती वाजलं?" मग तंबूत असा गोंधळ उठला की पुढचं काही ऐकू आलं नाही. शिट्ट्या, टाळ्या. साळुबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. परवा हीच बाई सासू बघून थरथरत होती.

लोकांना धड घाबरताही येत नाही. चांगलं काम दाखवलं की हे असं.

शनिवार, ११ एप्रिल

भाई परत आले. हसायला म्हणून सगळं शिनोली काल पुन्हा जमलं. "घड्याळवालं भूत" बघायला शेजारच्या वाड्यांवरून माणसं आली. माझी मान खाली. मी पोस्टरवरचं रक्त रातोरात दुप्पट केलं होतं, तेवढाच आधार.

नेहमीप्रमाणे मशीन तापलं, चित्र फिसकटलं, "फोकस" झालं. मग ती बाई दिवा घेऊन जिन्यात आली. तंबू गप्प. कोणी ओरडेना, म्हणून भाईंनी भिंगाला हात लावला नाही. उजेडही मंद होत गेला. मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी जळेल तशी पुढे सरकवायला भाई नेहमीच उशीर करतात. खिडकी उघडली. आत काहीतरी पांढुरकं होतं. घड्याळ शोधायला आलेल्या माणसांना घड्याळ सापडेना. एक बाई किंचाळली आणि तिच्यामागून सगळी बाजू.

ठकूला म्हटलं, बघितलंस? पोस्टरने काम केलं. ती गल्ला मोजत होती, तो तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमी लई हुशार हाय."

गुरुवार, १६ एप्रिल. घोडेगावच्या अलीकडे

तीन खेळ पूर्ण भरले. पप्पू येऊन गेला, त्याचं तोंड उतरलेलं होतं. मी त्याला भीतीचं शास्त्र समजावलं. माणूस घाबरतो तो स्पष्ट रूपाला. सुळा किती लांब, रक्त किती गडद, याला महत्त्व आहे. आता चित्रही माझ्या पोस्टरइतकं स्पष्ट केलं की काम फत्ते.

म्हणून मी एक निर्णय घेतला आहे. डिंभ्याला शेवटचे दोन खेळ गेणू करील. मंचरला जाऊन त्याच्याशी पक्कं करून आलो. ठकूला अजून सांगितलेलं नाही. अट तिची आहे, तंबू तिचा आहे, पण अब्रू माझी आहे. भाईंना बरोबर ठेवू, फक्त मशीनला हात लावू द्यायचा नाही. त्यात वाईट काय?

तरी मनाला थोडं लागलं. परतलो तेव्हा भाई मशीन पुसत होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "मास्तर, मंचरला गेलता का?" हे कसं कळलं? मी म्हटलं, चपला घ्यायला गेलो होतो. ते म्हणाले, "मंग पायात जुन्याच कशापायी वाजत्यात?" उद्धटपणा आहे नुसता.

मंगळवार, २१ एप्रिल

आज संतापलो. भाईंच्या खाटेपासून मशीनच्या गाडीपर्यंत आणि तिथून पाण्याच्या पिंपापर्यंत एक दोर बांधलेला असतो. जिथे तंबू ठोकू तिथे हा दोर आधी. मी दोनदा त्यात अडखळलो होतो, आज तोंडावर आपटलो. लोकांसमोर. तिथल्या तिथे दोर सोडून टाकला आणि गुंडाळून सामानात फेकला. कपडे वाळवायचे तर तंबूमागे वाळवावेत.

बुधवार, २२ एप्रिल

काल दोर सोडल्यानंतर तासाभरात इब्राहिमभाई पडले.

संध्याकाळी उजेड असतानाच. खाटेवरून उठून मशीनकडे निघाले आणि नेहमीच्या जागी हात पुढे केला. दोर नव्हता. हात हवेत फिरला, पाय तंबूच्या खुंटीत अडकला. कपाळाला खोक पडली, मनगट सुजलं. मी दहा पावलांवर होतो. खुंटी हातभर उंच, वर चुन्याचा पांढरा पट्टा. आंधळ्यालासुद्धा दिसावी, असं मी मोठ्याने म्हणालो. ठकू पदराने त्यांचं कपाळ दाबत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेवढंच.

आज दुपारी त्यांची मुलगी आयशा जुन्नरहून आली. शिक्षिका आहे. शांतपणे बोलते. मी तिला खुंटीचं सांगायला गेलो तर म्हणाली, "मास्तरकाका, अब्बूंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय. दोन वर्षं झाली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं त्यांना. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, मग ऑपरेशन का नाही केलं?

"महिनाभर पट्टी, म्हणून. हंगामात पट्टी बांधली तर मशीनवर दुसरा माणूस येईल, असं म्हणतात. तसाही आणलाच आहे म्हणे तुम्ही दुसरा."

मी खाली बघितलं. पायात जुन्याच चपला.

त्याच दिवशी, नंतर

ठकूला सगळं माहीत होतं. सुतळीच्या गाठी तिनेच मारल्या होत्या, दोर तिनेच बांधला होता. तोडगा वगैरे काही नव्हतं, बोटांनी रिळाचा नंबर कळावा म्हणून होतं ते. चहावाल्यालाही माहीत होतं. साळुबाईलाही म्हणे नळावर सांगितलं होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर ठकू म्हणाली, "सांगून काय व्हनार व्हतं? तुमी त्येंना काढलं असतं. आन् तुमाला दिसत न्हाई हे आमाला काय म्हाईत? डोळं तर धडधाकट हायेत तुमचे."

लाज वाटते. हे लिहिताना कान गरम झाले आहेत.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दिसत नव्हतं, म्हणून भाई पब्लिकच्या ओरडण्यावर भिंग फिरवत होते. ओरडणं थांबलं की चित्र बसलं. आणि भीतीने गप्प झालेली माणसं ओरडत नाहीत, म्हणून नेमकं भुताच्या वेळी चित्र फिसकटलेलं राहत होतं. घड्याळ नाही, कापूस नाही. नुसतं पांढुरकं काहीतरी, त्यात साळुबाईने सासू भरली आणि दुसरीने कोयता. माझे सुळे कोणालाच दिसले नव्हते. मी पप्पूला काय काय शास्त्र सांगितलं, ते आठवून अंगावर काटा येतो. महिनाभरात घाबरायची माझी ही पहिलीच वेळ.

शुक्रवार, २४ एप्रिल

मंचरला जाऊन गेणूला नको म्हणून सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मास्तर, त्या फिल्ममदी काय दम न्हाई. इब्राहिमभाईच चालवू शकत्यात ती."

येताना खरोखरच नव्या चपला घेतल्या.

दोर पुन्हा बांधला. मी बांधला. ठकूने गाठ तपासून पाहिली आणि सोडून परत घातली.

बुधवार, २९ एप्रिल. डिंभे. अक्षय्यतृतीया

काल शेवटचा खेळ होता. दुपारची एसटी आलीच नाही, तरी माणसं धरणाच्या कडेकडेने चालत आली. कंदील, पोरं, घोंगड्या. कनाती वर करून बाहेरही बसायला जागा करावी लागली. अमावस्येला दोनच दिवस झालेले, आभाळ काळंकुट्ट.

भाईंचं मनगट बांधलेलं होतं, म्हणून मी मशीनपाशी उभा राहिलो. ते सांगतील तसं रीळ चढवलं. फिल्मला ओठ त्यांनीच लावला. मला ते जमलं नाही, जीभ लागली.

भाई म्हणाले, "मास्तर, आज तुमी हायेत तर तुमीच सांगा. पिक्चर बसलं का?"

मी हो म्हणालो, पुन्हा फिसकटलं, पुन्हा सांगितलं. एका रिळापुरतं चित्र आरशासारखं होतं. मला फार बरं वाटत होतं. चौतीस वर्षांची नजर शेवटी कामाला आली होती. मग दहावं रीळ लागलं. बाई जिन्यात आली. मशीन चांगलंच तापलं होतं. कडा विरघळायला लागल्या. तंबूतून एक आवाज नाही, पाण्यावरून वारा येत होता तेवढाच.

भाईंचा डावा हात भिंगावर होता. पब्लिक बोलत नव्हतं, मीही बोलत नव्हतो. इतका वेळ मी सांगत होतो, आता का सांगत नाही, हे त्यांना कळेना. हळूच म्हणाले, "मास्तर? बसलंय ना?"

पोरांनी रेघ अशी पुसट काढली असती तर मी कागद फाडला असता. खिडकी उघडली. त्या पांढऱ्या डागात घड्याळ आहे हे मला माहीत होतं. कापूस आहे हेही माहीत होतं. तरी त्यात मला सोमाजी दिसले. सासरे. त्यांच्या मरणाच्या आधी मी त्यांना म्हणालो होतो की हे खूळ आता जाळून टाका. ते फक्त असे पाहत राहिले होते. गाडीचा दांडा धरावा लागला.

"बसलंय भाई," मी म्हणालो. "हात लावू नका."

मग डिंभे किंचाळलं.

सकाळी पप्पू टेम्पो घेऊनच आला होता. त्याला म्हटलं, तंबू द्यायचा नाही. तो म्हणाला, "एका हंगामानं काय व्हतंय मास्तर? पुढच्या वर्साला घराघरात केबल असनार." खरं आहे. बहुतेक त्याचंच बरोबर ठरेल. तरी त्याला रिकाम्या टेम्पोनेच पाठवलं. ठकूने दिलेल्या चहात साखर जास्त होती.

भाईंना घेऊन परवा दवाखान्यात जायचं आहे. आता पट्टी बांधायला ते तयार आहेत.

रविवार, १७ जानेवारी १९९९. वारूळवाडी

इतके महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, तंबूला ठिगळं लावत होतो.

भाईंचे दोन्ही डोळे झाले. जाड भिंगांचा चष्मा आहे. काल नव्या हंगामाचा पहिला खेळ होता, त्याआधी त्यांनी माझं पोस्टर पाहिलं. यंदाचं नवं. त्यावर फक्त एक बंद खिडकी आणि फटीतून थोडा उजेड. पोरांना मिशा काढायला जागाच नाही. भाई बराच वेळ बघत होते. जुनं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ते ठकूने चुलीत घातलं, असं सांगितलं.

मला एकच धास्ती होती. आता यांना दिसतं. हे चित्र नीट बसवणार. घड्याळ सगळ्यांना दिसणार आणि तंबू पुन्हा हसणार. हे त्यांना सांगावं तर कोणत्या तोंडाने? एका माणसाला नजर मिळाली, आणि मी त्याला म्हणू, वापरू नका?

दुपारी त्यांनी रिळं तपासायला म्हणून स्वतःच फिल्म हातात धरून उजेडासमोर पाहिली. दहावं रीळ बघताना ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "या अल्ला, घड्याळ! मास्तर, एकतीस वर्सं मी शेवटाला पडद्याकडं पाठ करून संपलेली रिळं गुंडाळीत व्हतो. हे कदी बगितलंच न्हाई."

मी डबे पुन्हा नंबरवार लावू लागलो.

संध्याकाळी तंबू निम्मा भरला. चित्र सुरुवातीपासून स्वच्छ. एकदाही "फोकस" ऐकू आलं नाही. मी त्यांच्याशेजारीच उभा होतो. बाई जिन्यात आली, हातात दिवा. तंबू गप्प झाला. मशीन तापलं होतं, दोन मिनिटांवर घड्याळ होतं.

भाईंनी कानामागून चष्म्याच्या काड्या सोडवल्या, चष्मा माझ्या हातात दिला आणि भिंगावर बोटं ठेवून पब्लिककडे कान लावून उभे राहिले.